आईचं बी-रॅफ, दादाचं के-रास आणि तुमचं हिमोग्लोबिन

पत्र:

माझी आई ७१ वर्षांची आहे. दोन वर्षांपूर्वी तिच्या मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूची कॅन्सरची गाठ ऑपरेशन करून काढली. दोन लसिकाग्रंथींमध्येही आजार होता, म्हणून नंतर कॅपेसिटाबिनच्या गोळ्या दिल्या. पहिल्याच सायकलमध्ये तोंडभर फोड आले, जुलाब थांबेनात, पांढऱ्या पेशी एकदम खाली गेल्या. तिला दाखल करावं लागलं आणि गोळ्या कायमच्या बंद झाल्या. आता ती बरी आहे. तिच्या रिपोर्टात ‘बी-रॅफ व्ही६००ई पॉझिटिव्ह’ आणि ‘एमएलएच१, पीएमएस२ अनुपस्थित’ असं लिहिलं होतं.

गेल्या महिन्यात दादाला (वय ४६) गुदाशयाचा कॅन्सर निघाला. लिव्हरमध्येही डाग आहेत. त्याच्या रिपोर्टात ‘के-रास जी१२डी म्युटेशन’ आहे. त्यामुळे एक औषध त्याला चालणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. पुढच्या आठवड्यात केमो सुरू होईल.

आई रात्र रात्र जागी असते. “माझ्याच रक्तातलं त्याला गेलं,” एवढंच म्हणते. नेटवर वाचलं की बी-रॅफ सगळ्यात वाईट. वहिनी मुलांच्या काळजीत आहे. नातेवाईक म्हणतात, हा पुरुषांचा आजार, तू कशाला घाबरतेस? मी ४२ वर्षांची. माझं हिमोग्लोबिन ९.१ आहे. वर्षभर लोहाच्या गोळ्या चालू आहेत, बंद केल्या की पुन्हा उतरतं. पाळीत रक्त जास्त जातं म्हणून असेल, असं सांगितलंय. शौचातल्या रक्ताची तपासणी निगेटिव्ह आली. मला आणखी काही तपासायला हवं का? आणि माझ्या १७ वर्षांच्या मुलीचं काय?

उत्तर:

ताई, तुमच्या पत्रातली दोन कामं थांबण्यासारखी नाहीत, म्हणून ती आधी सांगते. पहिलं, दादाची केमो सुरू होण्याआधी त्याच्या डॉक्टरांना आईला गोळ्यांचा काय त्रास झाला ते सविस्तर सांगा आणि ‘डीपीवायडी’ ही रक्ताची चाचणी करता येईल का, ते विचारा. दुसरं, स्वतःच्या कोलोनोस्कोपीची (दुर्बिणीने मोठं आतडं आतून तपासण्याची) तारीख घ्या. कारणं पुढे येतीलच. पण त्याआधी आईंशी बोलायला हवं.

आईंना सांगा, त्यांच्या रिपोर्टातलं बी-रॅफ या जनुकातलं म्युटेशन दादाला गेलेलं नाही आणि जाऊही शकत नाही. आतड्याच्या गाठीच्या रिपोर्टात जी म्युटेशन्स (जनुकांतले बदल) लिहिलेली असतात ती त्या गाठीतल्या पेशींची. आयुष्यात कधीतरी आतड्याच्या अस्तरातल्या एका पेशीत तो बदल घडला, आणि तिच्यापासून वाढलेल्या पेशींमध्ये तो उतरला. आईंच्या रक्तात, त्वचेत, आणि दादा ज्या बीजापासून जन्मला त्यात तो नव्हता. वारशाने येणारं म्युटेशन वेगळं. ते जन्मापासून शरीराच्या प्रत्येक पेशीत असतं आणि साध्या रक्ताच्या नमुन्यातही सापडतं. दोन्हींना आपण ‘म्युटेशन’ म्हणतो, तिथेच घोळ होतो. रिपोर्ट हातात देताना हे कुणी समजावून सांगितलं नाही, तर आई स्वतःला दोषी ठरवणारच.

शिवाय दोघांची म्युटेशन्सही वेगळी आहेत. आईंच्या गाठीत बी-रॅफ जनुकातलं, दादाच्या गाठीत के-रास जनुकातलं. आईंचंच म्युटेशन दादाला गेलं असतं, तर असं दिसलं नसतं.

आता ‘एमएलएच१, पीएमएस२ अनुपस्थित’ ही ओळ. ती वाचून कुणी ‘लिंच सिंड्रोम’ हा शब्द तुमच्या कानावर घातला असेल, किंवा लवकरच घालेल. पेशी विभागताना डीएनएची नक्कल होते, तेव्हा अक्षरांच्या चुका होतात. एमएलएच१, एमएसएच२, एमएसएच६ आणि पीएमएस२ या जनुकांची प्रथिनं मुद्रितशोधकासारखी त्या चुका शोधून दुरुस्त करतात. ती गैरहजर असली की चुका साठत जातात आणि अशा गाठीला ‘एमएसआय-हाय’ म्हणतात. आतड्याच्या कॅन्सरपैकी साधारण १५ टक्के गाठी अशा असतात. त्यातल्या थोड्याच, एकूण आजाराच्या ३ टक्क्यांच्या आसपास, लिंच सिंड्रोममुळे म्हणजे वारशाने आलेल्या दोषामुळे होतात. बाकीच्यांपैकी बहुतेकांमध्ये एमएलएच१ जनुकाची अक्षरं शाबूत असतात. वयानुसार त्याच्यावर मिथाइल गट या रासायनिक खुणांचा थर बसतो (यालाच मिथाइलेशन म्हणतात) आणि ते बंद पडतं. अशा गाठींमध्ये बी-रॅफ व्ही६००ई बऱ्याचदा सापडतं, लिंचच्या गाठीत मात्र जवळजवळ कधीच नाही. म्हणजे आईंना घाबरवणारी तीच बी-रॅफची ओळ त्यांचा आजार आनुवंशिक नसावा, असं सांगते आहे. पूर्ण खात्रीसाठी डॉक्टर त्याच गाठीच्या जपून ठेवलेल्या नमुन्यावर एमएलएच१च्या मिथाइलेशनची चाचणी करायला सांगू शकतात. आईंना त्यासाठी पुन्हा सुई टोचावी लागत नाही.

‘बी-रॅफ सगळ्यात वाईट’ हेही अर्धंच खरं आहे. आजार पसरलेला असेल आणि गाठ एमएसआय-हाय नसेल, तर बी-रॅफ व्ही६००ईमुळे आजार जास्त आक्रमक होतो, हे खरं. आईंची गाठ एमएसआय-हाय गटातली आहे, वेळेत काढली गेली आणि दोन वर्षं त्या बऱ्या आहेत. अशा गाठीत बी-रॅफचा तो धाक बराच कमी होतो. पुढे कधी आजार परतलाच, तर या गाठींवर इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारे उपचार, चांगली चालते. २०१७ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकांनी पेम्ब्रोलिझुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधाला अशा गाठींसाठी मान्यता देताना कॅन्सर कोणत्या अवयवाचा हे न पाहता फक्त गाठीचा हा गुण पाहिला. असं पहिल्यांदाच घडलं होतं. हे आईंना जरूर वाचून दाखवा.

आता बाई-पुरुषाचा प्रश्न. नातेवाईकांच्या बोलण्यात तथ्य अगदीच नाही असं नाही. २०२० च्या जागतिक आकडेवारीनुसार आतड्याच्या कॅन्सरचे नवे रुग्ण पुरुषांमध्ये सुमारे १० लाख ६५ हजार होते आणि बायकांमध्ये ८ लाख ६५ हजार. फरक आहे, पण साडेआठ लाखांहून जास्त बायकांना होणाऱ्या आजाराला पुरुषांचा आजार म्हणता येणार नाही. आणि हे बोलणं नुसतं चुकीचं असतं तर मी सोडून दिलं असतं. ते ऐकून बायका तपासणी पुढे ढकलतात, म्हणून मला त्याची चीड येते.

खरा फरक संख्येपेक्षा आजाराच्या जागेत आणि स्वभावात आहे. तुमच्या घरातली दोन माणसं त्याची जवळजवळ ठरावीक उदाहरणं आहेत. आतड्याच्या उजव्या भागातल्या गाठी बायकांमध्ये, विशेषतः उतारवयात, तुलनेने जास्त दिसतात. मिथाइलेशनने बंद पडलेलं एमएलएच१ आणि त्याबरोबरचं बी-रॅफ व्ही६००ई हेही सत्तरीच्या आसपासच्या बायकांमध्ये जास्त. गुदाशयाचे आणि डाव्या भागाचे कॅन्सर पुरुषांमध्ये जास्त. के-रास मात्र बाई-पुरुष दोघांमध्ये भरपूर सापडतं. आतड्याच्या कॅन्सरपैकी सुमारे ४० टक्के गाठींमध्ये ते असतं.

असं का, याचं एकच उत्तर नाही. स्त्री-संप्रेरकांचा वाटा नक्की दिसतो. अमेरिकेत रजोनिवृत्तीनंतरच्या बायकांवर झालेल्या मोठ्या अभ्यासात इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिन घेणाऱ्या गटात आतड्याचे कॅन्सर कमी निघाले. पण जे निघाले ते जास्त पुढच्या टप्प्यातले होते, आणि इतर धोके वाढल्यामुळे २००२ मध्ये तो भाग थांबवावा लागला. तेव्हा कॅन्सर टाळण्यासाठी म्हणून हार्मोनच्या गोळ्या कुणी घेऊ नयेत.

दादाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. २०२३ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या एका अभ्यासात के-रास म्युटेशन असलेल्या आतड्याच्या कॅन्सरच्या उंदरांमध्ये नरांत आजार जास्त पसरला आणि ते लवकर मेले. शास्त्रज्ञांनी याचा माग काढला तो वाय गुणसूत्रावरच्या ‘केडीएम५डी’ या जनुकापर्यंत. बिघडलेलं के-रास या जनुकाचं काम वाढवतं. त्यामुळे पेशींना एकमेकींशी घट्ट जोडून ठेवणारे सांधे सैल होतात आणि कॅन्सरच्या पेशी सुटून निघतात. शिवाय त्या पेशींवरची खूण पुसट होते, मग प्रतिकारशक्तीला त्या ओळखू येत नाहीत. वाय गुणसूत्र बायकांत नसतं, म्हणून हा मार्गही नसतो. संशोधन म्हणून हे मोलाचं आहे. पण काम मुख्यतः उंदरांवरचं आहे आणि त्यावरून आज दादाचा उपचार बदलत नाही. ‘पुरुष आहे म्हणून त्याचं वाईटच होणार’ असा निष्कर्ष वहिनींनी यातून काढू नये.

दादाचा उपचार के-रासवरून बदलतो, आणि तो डॉक्टरांनी तुम्हाला सांगितला आहेच. न चालणारं औषध म्हणजे बहुधा सेटुक्सिमॅब किंवा पॅनिटुमुमॅब. ती पेशीच्या पृष्ठभागावरचा ईजीएफआर हा रिसेप्टर अडवतात. वाढीचा संकेत तिथून निघून आत के-रासकडे जातो. के-रासच बिघडून सतत संकेत देत असेल, तर बाहेरचा रिसेप्टर अडवून उपयोग होत नाही. म्हणजे एक औषध त्याच्या हातून गेलं असं न मानता, निरुपयोगी औषधाचे दुष्परिणाम वाचले असं समजा. केमो आणि बेव्हासिझुमॅबसारखे पर्याय त्याला खुले आहेत. लिव्हरमधले डाग मोजके असतील, तर ते काढता येतील का याचा लिव्हरच्या सर्जनकडून सुरुवातीलाच विचार करून घ्या. के-रासच्या जी१२सी या दुसऱ्या प्रकारावर आता गोळ्या निघाल्या आहेत. जी१२डीवरच्या औषधांच्या चाचण्या चालू आहेत, म्हणून हे अक्षर नेमकं लक्षात ठेवा. ‘के-रास पॉझिटिव्ह’ एवढं सांगून पुढच्या डॉक्टरांना पुरत नाही.

आता डीपीवायडी. आईंना दिलेलं कॅपेसिटाबिन शरीरात गेल्यावर फ्लुरोयुरॅसिल म्हणजे ५-एफयू बनतं, आणि दादाच्या केमोत बहुतेक तेच शिरेतून दिलं जाईल. ५-एफयूचा ८० टक्क्यांहून जास्त भाग शरीरात डीपीडी नावाचं एन्झाइम मोडतं. डीपीवायडी हे त्याचं जनुक. काही माणसांत या जनुकात जन्मजात बदल असतो आणि एन्झाइम अपुरं पडतं. युरोपात केलेल्या मोजणीत असं अर्धवट कमी एन्झाइम असलेले लोक ३ ते ८ टक्के आढळले. नेहमीचा डोस त्यांच्या अंगात साठून राहतो आणि पहिल्या-दुसऱ्या सायकलमध्येच तोंडाचे फोड, जुलाब, पांढऱ्या पेशी कोसळणं असं सगळं एकदम होतं. तुम्ही आईंचं जे वर्णन केलंय ते हुबेहूब असंच आहे.

बायकांना ५-एफयूचा त्रास सरासरीने पुरुषांपेक्षा जास्तच होतो, कारण त्यांच्या शरीरातून ते हळू बाहेर पडतं. डोस मात्र उंची-वजनावरून ठरतो, बाई की पुरुष हे त्यात धरत नाहीत. त्यामुळे आईंचा त्रास निव्वळ तेवढ्यावरही असू शकेल. पण त्या भरवशावर राहू नका. डीपीवायडीतला बदल असेलच, तर तो मुलगा-मुलगी न पाहता प्रत्येक मुलाकडे येण्याची शक्यता निम्मी असते. आई ज्या काळजीने जागतात तो कॅन्सर त्यांनी दादाला दिलेला दिसत नाही, पण औषध न सोसण्याचा हा गुण त्यांच्याकडून त्याला आलेला असू शकतो, आणि तो आधी कळला तर त्यावर उपाय आहे. एन्झाइम अर्धवट कमी निघालं तर डॉक्टर साधारण निम्म्या डोसने सुरुवात करून, सोसेल तसा वाढवतात. युरोपीय औषध नियामकांनी २०२० पासून उपचाराआधी ही चाचणी करण्याची शिफारस केली आहे. रिपोर्टला काही दिवस लागतात. त्यासाठी केमो चार दिवस पुढे ढकलायची का, हे डॉक्टरांवर सोपवा. मात्र आईंच्या त्या वेळच्या डिस्चार्ज कार्डाची प्रत घेऊनच जा. तोंडी सांगितलेलं घाईत राहून जातं, कागद फाइलला लागतो.

दादाच्या रिपोर्टात आणखी एक ओळ शोधा: ‘एमएमआर’ (वर सांगितलेली मुद्रितशोधक प्रथिनं हजर आहेत का) किंवा ‘एमएसआय’. तुमच्या पत्रात तिचा उल्लेख नाही. ‘एमएमआर शाबूत’ किंवा ‘एमएसएस’ (म्हणजे गाठ एमएसआय-हाय नाही) असेल, तर लिंच सिंड्रोमची शक्यता खूपच कमी होते. ती तपासणी झालेली नसेल, तर करून घ्या. ती प्रत्येक आतड्याच्या कॅन्सरवर व्हायला हवी. त्याशिवाय, दादाचं वय पन्नाशीच्या आतलं आहे. या वयात आतड्याचा कॅन्सर झालेल्यांची रक्तातून आनुवंशिक जनुकांची तपासणी केली, तर साधारण सहांपैकी एकात काहीतरी सापडतं, आणि ते फक्त लिंचचंच असतं असं नाही. म्हणून दादाची ही तपासणी करायला मी सांगेन. आईंची गाठ आनुवंशिक वाटत नाही, एवढ्यावरून दादाचीही नाही, असं म्हणता येत नाही.

त्यात लिंच निघालंच, तर ते मुलग्यांना आणि मुलींना सारखंच मिळू शकतं. पुढे मात्र धोका वेगवेगळा होतो. पुरुषांमध्ये आतड्याचा धोका थोडा जास्त, बायकांमध्ये आतड्याच्या जोडीला गर्भाशयाचा आणि बीजांडकोशाचा. कित्येक बायकांमध्ये तर गर्भाशयाचाच कॅन्सर आधी होतो.

आता तुमच्याबद्दल. पत्रात सगळ्यांची काळजी सविस्तर लिहिलीत आणि स्वतःचं हिमोग्लोबिन शेवटी दोन ओळींत उरकलंत. मला मात्र तिथेच थांबावंसं वाटलं. उजव्या बाजूची गाठ बराच काळ गप्प असते. तिथे आतडं रुंद असतं आणि मळ पातळ असतो, त्यामुळे अडथळा उशिरा जाणवतो. थोडं थोडं रक्त झिरपत राहतं, ते मळात मिसळतं आणि डोळ्यांना दिसत नाही. दिसतं ते फक्त उतरणारं हिमोग्लोबिन. पुरुषाचं लोह असं उतरलं की लगेच आतड्याची तपासणी सांगतात. पाळी चालू असलेल्या बाईचं उतरलं की पाळीचं कारण समोरच असतं, आणि शोध तिथे संपतो. तुमच्या बाबतीत पाळी हेच कारण असण्याची शक्यता जास्त आहे, हे मी मान्य करते. पण ज्या घरात आई आणि भाऊ दोघांना हा आजार झालाय, तिथे वर्षभर गोळ्या खाऊनही ९.१ वर येणारं हिमोग्लोबिन पाळीच्या नावावर सोडून देता येणार नाही.

शौचाची तपासणी निगेटिव्ह आली, त्यावर विसंबू नका. ती कुठलीच तक्रार आणि खास कौटुंबिक धोका नसलेल्यांसाठी चाळणी म्हणून चांगली आहे. शिवाय मळातल्या रक्ताचं प्रमाण बायकांमध्ये सरासरीने कमी निघतं, आणि पॉझिटिव्ह ठरवण्याची मर्यादा मात्र बहुतेक ठिकाणी दोघांना एकच असते. त्यामुळे बायकांमधले कॅन्सर या चाचणीतून जास्त निसटतात.

आणि हिमोग्लोबिन १४ असतं, तरी कोलोनोस्कोपीची वेळ झालीच होती. आई-वडील, भावंडं किंवा मुलं यांच्यापैकी कुणाला साठीच्या आत किंवा दोघांना कोणत्याही वयात हा कॅन्सर झाला असेल, तर वयाच्या चाळिशीला, किंवा घरातल्या सर्वांत लहान रुग्णाच्या वयाच्या दहा वर्षं आधी, यातलं जे लवकर येईल तेव्हा पहिली तपासणी करतात. दादाच्या ४६ मधून दहा गेले की ३६. तुम्ही ४२ च्या आहात. सगळं ठीक निघालं, तरी दर पाच वर्षांनी पुन्हा.

कोलोनोस्कोपीच्या आदल्या संध्याकाळी आणि त्या दिवशी पहाटे, असं जुलाबाचं औषध दोन भागांत घ्यायला सांगितलं तर दुसरा भाग टाळू नका. उजव्या बाजूचे चपटे पॉलिप (अस्तरावरच्या छोट्या वाढी) नीट न धुतलेल्या आतड्यात दिसत नाहीत, आणि बी-रॅफच्या वाटेने होणारे कॅन्सर अशाच चपट्या पॉलिपपासून होतात. लोहाच्या गोळ्या मळ काळा आणि चिकट करतात. त्या किती दिवस आधी थांबवायच्या, तेही विचारून घ्या. बायकांचं आतडं सरासरीने लांब असतं, त्यामुळे दुर्बीण कधी कधी टोकापर्यंत पोचत नाही. रिपोर्टात ‘सीकमपर्यंत (मोठ्या आतड्याच्या उजवीकडच्या टोकापर्यंत) पोचलो’ असं आणि शक्यतो त्याचा फोटो आहे का, ते पाहा. नसेल, तर तपासणी अर्धवट झाली असं समजून पुढे काय करायचं ते विचारा. त्याच सुमारास स्त्रीरोगतज्ज्ञांकडेही जा. चाळिशीनंतर पाळीत इतकं रक्त जात असेल, तर गर्भाशयाची सोनोग्राफी आणि गरज वाटल्यास अस्तराची बायोप्सी व्हायला हवी. रक्त पाळीतून जातंय असं ठरलं, तरी ते का जातंय हे कळायला हवंच.

मुलीला आज काही करायची गरज नाही. आजी आणि मामा तिच्यासाठी एक पायरी दूरचे नातेवाईक आहेत. तुमच्या तपासणीत काही सापडलं, किंवा दादाच्या रक्तात आनुवंशिक बदल निघाला आणि तो तुमच्यातही आढळला, तर तिचा विचार नव्याने करायचा. दादाच्या मुलांनी मात्र फार तर ३६ व्या वर्षी सुरुवात करावी, आणि दादाला लिंच निघालं तर आधी त्यांचं रक्त तपासावं. ज्यांना तो दोष मिळाला असेल, त्यांची कोलोनोस्कोपी विशीच्या पहिल्या काही वर्षांतच सुरू होते. तोवर वहिनींना मुलांच्या चाचण्यांमागे धावू देऊ नका. आधी दादाचा रिपोर्ट, मग मुलं.

दादाचा डीपीवायडी आणि एमएमआरचा रिपोर्ट आला, तुमची कोलोनोस्कोपी झाली, की मला पुन्हा लिहा. कागदावरच्या ओळी जशाच्या तशा उतरवून पाठवा, सारांश नको.